वय झाल्यावर गाडी कधी सोडावी?



उसाला शेवटचे पाणी कधी द्यावे, थकलेला बैल औताला किती दिवस जुंपावा, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. बाप सांगून गेला, आजा सांगून गेला. पण मोटारसायकलचे हँडल आणि ट्रॅक्टरचे स्टिअरिंग कोणत्या वयात हातातून सोडावे, हे मात्र त्यांनी सांगितलेले नाही. सांगणार तरी कसे? त्यांच्यापुढे हा प्रश्नच नव्हता. आपले आजोबा बैलगाडीने बाजाराला जात. येताना अंधार पडला, गाडीतच डोळा लागला, तरी बैल वाट सोडत नसत. मालक झोपलेला आणि खिलारी जोडी दारात येऊन उभी, अशा गोष्टी माणदेशात आणि कृष्णाकाठी घरोघरी ऐकायला मिळतात. बैलाला घर ठाऊक असते. मोटारसायकलला ते ठाऊक नसते. चालवणाऱ्याची नजर एक क्षण चुकली की ती सरळ समोरच्या ट्रॉलीवर जाते.

१९८० च्या दशकात आपल्या सातारा-सांगली भागात राजदूत, लूना, एम-एटी या गाड्या खेडोपाडी आल्या. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना अडकवून पहाटे डेअरी गाठणारे ते तरुण आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. गाडीवरच म्हातारी झालेली ही आपल्याकडची पहिली पिढी. म्हणून हा विचार आपल्यालाच पहिल्यांदा करावा लागणार आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. अमुक वर्षे झाली की गाडी सोडा, असे आम्ही सांगणार नाही. आपल्या देशात कायद्यानेही वयाची वरची मर्यादा घातलेली नाही. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस सावकाश, नीट गाडी चालवत शेतावर जातो आणि बासष्टीच्या माणसाला साखरेमुळे पायाखालचा ब्रेक कळत नाही, अशी दोन्ही उदाहरणे एकाच गावात सापडतील. तेव्हा वर्षे मोजत बसू नका, खुणा बघा.

“हा कुठनं आला?”

पहिली खूण आपल्याच तोंडातून बाहेर पडते. वळणावर सायकलवाला दिसला, बोळातून पोरगे आले, समोर ट्रॅक्टर आला, आणि आपण दचकून म्हणालो, “आरं, हा कुठनं आला?” महिन्यात एखाद्या वेळी असे होणे वेगळे. पण आठवड्यातून दोनदा, तीनदा होऊ लागले तर थांबून विचार करावा. रस्त्यावरचा माणूस जमिनीतून उगवत नाही. तो आधीपासून तिथेच येत होता, आपल्याला उशिरा दिसला.

हा उशीर किती महागात पडतो ते पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. ताशी ६० असेल तर जवळजवळ १७ मीटर. तरुणपणी समोरचे दिसणे आणि पाय ब्रेकवर जाणे यात जेवढा वेळ जात असे, त्यापेक्षा वय झाल्यावर जास्त वेळ लागतो. कोणाला अर्धा सेकंद जास्त लागतो, कोणाला एक. ब्रेक लागायच्या आधीच तेवढी गाडी पुढे गेलेली असते. ब्रेक किती चांगले आहेत याचा इथे काही उपयोग नाही.

बाकीच्या खुणा गाडीवर आणि घरात दिसतात. मडगार्डवर, आरशावर, गोठ्याच्या खांबावर नवे ओरखडे येऊ लागतात. मागून हॉर्न वाजवणारे वाढतात. पायाने गाडी सावरता सावरता स्टँडवर लावताना ती अंगावर येते. ओळखीच्या गावात कुठे वळायचे ते क्षणभर आठवत नाही. ही शेवटची खूण फार गंभीर समजावी. वाट विसरणे आणि पैशाचा हिशेब चुकणे या दोन्ही गोष्टी बरोबरीने सुरू झाल्या असतील, तर गाडीची किल्ली त्याच दिवशी खुंटीवरून काढून ठेवावी आणि डॉक्टर गाठावा.

आणखी एक खूण आहे. तिच्याकडे आपण पुरुष मंडळी दुर्लक्ष करतो. मागे बसणाऱ्या घरच्या बाईचे म्हणणे. ती एका बाजूला बसलेली, मांडीवर पिशवी, सगळा रस्ता तिला दिसत असतो. “आवं, जरा हळू,” “त्यो ट्रक बघा की,” असे ती वारंवार म्हणू लागली, किंवा काही ना काही निमित्त काढून वडापच्या जीपने जाऊ लागली, तर तिला भित्री ठरवू नका. आपल्या हाताखालची गाडी कशी चालली आहे, हे आपल्यापेक्षा मागे बसणाऱ्याला जास्त कळते. नातवाला आजोबांच्या गाडीवर बसवायला सून कां-कूं करते का, तेही पाहावे.

डोळे आणि अंधार

सगळ्यात आधी थकतात ते डोळे, आणि डोळे थकले हे सगळ्यात उशिरा कळते ते आपल्यालाच. साठीच्या डोळ्यात आतल्या पडद्यापर्यंत जो उजेड पोचतो, तो विशीतल्या डोळ्याच्या मानाने निम्म्याहूनही कमी असतो. म्हणून दिवसा सगळे ठीक वाटते आणि दिवेलागणीनंतर रस्ता पुसट होतो. त्यात मोतीबिंदू धरू लागला असेल, तर समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरतो. तो दिवा निघून गेल्यावरही काही क्षण डोळ्यांपुढे नुसता काळोख राहतो. नेमका त्याच काळोखात दिवा नसलेला ट्रॅक्टर उभा असतो.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा धोका गळीत हंगामात किती वाढतो ते तुम्हाला सांगायला नको. रेठरे, यशवंतनगर, साखराळे अशा कारखान्यांच्या वाटांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालू असतात. दोन-दोन ट्रॉल्या एकामागे एक, मागे ना दिवा ना लाल रिफ्लेक्टर, वाढे बाहेर लोंबलेले. थंडीत पहाटे नदीकाठी धुके. तरुण माणसाची तिथे तारांबळ उडते, मग ज्याचा उजेड निम्मा झाला त्याचे काय? आमचे मत विचाराल तर पासष्टीनंतर हंगामाच्या दिवसांत अंधार पडल्यावर दुचाकी बाहेर काढूच नये, डोळे कितीही चांगले वाटोत.

डोळ्यांची एक सोपी परीक्षा घरीच करता येते. लायसन्सच्या अर्जात सरकारने जो प्रश्न विचारला आहे तोच हा: स्वच्छ उजेडात २५ मीटरवरून मोटारीच्या नंबरप्लेटचा नंबर वाचता येतो का? उभ्या गाडीपासून साधारण तीस-पस्तीस पावले मोजा, चष्मा असेल तर लावा, आणि आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून वाचा. नंबर आपल्या पाठ असलेल्या गाडीचा नको, नाहीतर डोळ्यांऐवजी डोकेच वाचते!

दुसरी परीक्षा कडेच्या नजरेची. नातवाला समोर दोन हातांवर बसवा आणि त्याच्या नाकाकडे एकटक बघा. त्याने दोन्ही हात बाजूला पसरून बोटे हलवत हळूहळू आत आणावीत. बोटे जवळजवळ आपल्या नाकासमोर येईपर्यंत दिसत नसतील, तर काचबिंदूची शंका घ्यावी. काचबिंदू मोतीबिंदूपेक्षा फसवा. समोरचे स्वच्छ दिसत राहते, वाचता येते, आणि कडेची नजर मुकाट्याने जात राहते. असा माणूस नंबरप्लेट खडाखडा वाचतो, पण बोळातून येणारी शेळी त्याला दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही. वेळेवर उपचार झाले तर राहिलेली वाचवता येते.

मोतीबिंदू मात्र घाबरून जाण्यासारखा नाही. सरकारी दवाखान्यात त्याची शस्त्रक्रिया होते. मिरजेत तर १८९४ साली डॉक्टर वानलेस यांनी दवाखाना काढला तेव्हापासून लांबलांबचे लोक उपचाराला येतात. साताऱ्यात, कराडात, सांगलीतही सोय आहे. ऑपरेशन करून, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पुन्हा गाडी चालवणारे कितीतरी आहेत. मोतीबिंदू पिकू देत बसायचे आणि तोवर अंदाजाने गाडी हाकायची, ही रीत तेवढी सोडावी.

उन्हाचेही तसेच. कराडहून पाटणकडे संध्याकाळी निघालात की मावळता सूर्य नेमका डोळ्यांवर येतो. म्हाताऱ्या डोळ्याला ती तिरीप सहन होत नाही. याचे एक जगभर गाजलेले उदाहरण सांगतो. इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप हे ९७ व्या वर्षी स्वतः मोटार चालवत. जानेवारी २०१९ मध्ये सँडरिंगहॅमच्या त्यांच्या वाड्याजवळ मुख्य रस्त्यावर येताना त्यांची गाडी दुसऱ्या मोटारीवर आदळून उलटली. ते वाचले, पण दुसऱ्या गाडीतल्या दोन बायांना लागले, त्यांतल्या एकीचे मनगट मोडले. त्याच गाडीत नऊ महिन्यांचे मूल होते, ते सुदैवाने सुखरूप राहिले. सूर्य डोळ्यांवर आल्यामुळे समोरची गाडी दिसली नाही, असे फिलिप यांनी त्या बाईला पत्र लिहून कळवले आणि दिलगिरी व्यक्त केली. फेब्रुवारीत त्यांनी आपले लायसन्स आपणहून परत केले. दाराशी ड्रायव्हर उभा असणाऱ्या माणसालाही स्टिअरिंग सोडवत नव्हते, मग आपल्याला जड जाते यात नवल काय! घोडागाडीचा नाद मात्र त्यांनी पुढेही सोडला नाही. आपल्याकडच्या बैलगाडीवाल्यांना यातले मर्म कळेल.

हात, पाय आणि औषधे

साखरेचा आजार जुना झाला की पायाची संवेदना कमी होते. चालता चालता पायातली चप्पल निसटली आणि ती मागे राहिल्याचे कळलेच नाही, असे कधी झाले आहे का? झाले असेल तर तो पाय ब्रेकवर आहे की ब्रेकच्या शेजारी आहे, हेही त्याला कळणार नाही. पेडलची गल्लत ही थट्टेवारी नेण्याची गोष्ट नव्हे. जपानमध्ये तोक्यो शहरात एप्रिल २०१९ मध्ये ८७ वर्षांच्या एका गृहस्थांनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. रस्ता ओलांडणारी एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी जागीच गेली. ते गृहस्थ कोर्टात शेवटपर्यंत म्हणत राहिले की दोष गाडीचा आहे. कोर्टाने गाडी निर्दोष ठरवली आणि २०२१ साली त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. त्या वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, जपानात सुमारे सहा लाख लोकांनी आपली लायसन्से आपखुशीने परत केली. तशी सोय तिथे १९९८ पासून आहे. लायसन्स परत केल्याचा दाखला दाखवला की बऱ्याच ठिकाणी बसभाड्यात आणि दुकानात सवलत मिळते. म्हणजे गाडी सोडणाऱ्याचा तिथे मान राखला जातो. आपल्या गावानेही एवढे शिकायला हरकत नाही.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवायला उशीर झाला, तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन थांबावे, खिशातला गुळाचा खडा किंवा साखर खावी, आणि पूर्ण बरे वाटल्याशिवाय निघू नये. सर्दी-खाजेच्या पुष्कळ गोळ्यांनी झोप येते. रात्री झोपेची गोळी घेतली तर सकाळीही डोके जड राहते. औषध देणाऱ्याला “मी गाडी चालवतो” एवढे एक वाक्य जरूर सांगत जा. फिट आली असेल, अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल, उभ्या उभ्या भोवळ येत असेल, तर डॉक्टरांनी लेखी हो म्हणेपर्यंत कोणतेही वाहन चालवू नये. इथे घासाघीस नाही.

मान वळवून मागे बघता येते का, हेही तपासा. मानेचा त्रास असणारा माणूस नुसत्या आरशावर भागवतो, आणि आपल्याकडे निम्म्या गाड्यांना आरसेच नसतात.

ट्रॅक्टर आधी की मोटारसायकल आधी?

पुष्कळ घरांत असे होते की, “दादा, आता मोटारसायकल नको, पडला-बिडला तर? ट्रॅक्टर चालवा, चार चाकं आहेत,” असे मुले सुचवतात. ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण आमचे मत उलटे आहे. रस्त्यावरचा ट्रॅक्टर आधी सोडावा. मोटारसायकलवरून चुकलो तर बहुधा आपण पडतो. कित्येक टन उसाची ट्रॉली चुकली तर दुसऱ्याच्या घराचा दिवा विझतो.

ट्रॅक्टरला अंगातली ताकद लागते ती वेगळीच. क्लच दाबून धरायला डावा गुडघा खंबीर पाहिजे. डावा आणि उजवा असे दोन ब्रेक असतात. शेतात वळताना एकच दाबतात, पण रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडल कडीने जोडून घ्यायची असतात. ती जोडायची राहिली आणि भरल्या ट्रॉलीनिशी एकच ब्रेक दाबला, तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जाऊन उलटतो. विसरभोळेपणा सुरू झालेल्या माणसाकडून नेमकी अशीच गोष्ट राहून जाते. बांधावर चढवताना, ओढ्याच्या काठाने नेताना तोल सांभाळायला क्षणाचाही अवधी मिळत नाही. धोतर किंवा खांद्यावरचा टॉवेल पीटीओच्या फिरत्या शाफ्टमध्ये सापडला तर माणूस ओढला जातो. तेव्हा धोतरवाल्या मंडळींनी चालू शाफ्टजवळ जाण्याचे काम तरुणाकडे द्यावे, वय काहीही असो.

सपाट रानात, दिवसा, रिकाम्या ट्रॅक्टरवर अनुभवी माणसाने आणखी चार-दोन वर्षे काम केले तर हरकत नाही. जाणत्याच्या हाताची सरी सरळ पडते, हे खरेच आहे. पण ट्रॉली जोडून हमरस्त्यावर नको.

एकदम सोडू नका, टप्प्याने सोडा

गाडी सोडणे म्हणजे एका दिवसात किल्ली फेकून देणे असे मानले, की माणूस हट्टाला पेटतो. बैलालाही आपण आधी नांगरापासून सोडवतो, मग कुळवापासून, शेवटी हलक्या गाडीला जुंपतो. तशीच ही रीत ठेवावी.

आधी रात्र सोडावी. सूर्य बुडायच्या आत घरी. त्यानंतर पुणे-बंगळूर हायवे सोडावा. पेठ नाका, उंब्रज, नागठाणे या भागातल्या लोकांना एका शेतातून दुसऱ्या शेतात जायचे तरी हायवे ओलांडावा लागतो. लांबचे वळण टाळायला उलट्या बाजूने गाडी घालण्याची सवय झालेली असते. तरुणपणी ती निभावली. आता निभावणार नाही. शिवाय सातारा-कागल सहापदरीकरणाचे काम सुरू झाल्यापासून ओळखीची वळणे आणि फाटे बदलले. जुना माणूस डोळ्यांइतकाच आठवणीवर गाडी चालवत असतो, आणि रस्ता बदलला की आठवणच दगा देते. पावसाळ्यात पसरणी, केळघर, कुंभार्ली यांसारखे घाट त्याच वेळी सोडून द्यावेत.

नंतर मागे माणूस बसवणे सोडावे, विशेषतः नातवंडे. बाजाराच्या दिवशी गर्दीत गाडी घालणे सोडावे. राहता राहिली घर ते शेत ही वाट. तीही सोडायची वेळ आली की ती वरच्या खुणांवरून आपोआप कळेल. जो आधीच तीन पायऱ्या उतरला आहे, त्याला चौथी जड जात नाही.

विजेवरची स्कूटर हलकी म्हणून काही जण शेवटच्या टप्प्यात घेतात. किक नाही, गिअर नाही, ही सोय खरी. पण मूठ पिळली की ती एकदम झेप घेते आणि आवाज नसल्याने समोरच्याला चाहूल लागत नाही. घाबरल्यावर मूठ सोडण्याऐवजी घट्ट धरण्याची ज्याला सवय आहे, त्याने तिच्या नादी लागू नये.

जत, आटपाडी, माण, खटावकडच्या मंडळींची अडचण आम्हाला ठाऊक आहे. वस्ती रानात, गाव तीन मैलांवर, एसटी दिवसातून दोनदा. तिथे गाडी सोडणे म्हणजे जगाशी संबंध तुटणे. अशा ठिकाणी टप्पे लवकर सुरू करावेत पण सावकाश उतरावेत, आणि दवाखाना, बँक, बाजार यांची सोय आधी लावून मगच शेवटची किल्ली ठेवावी.

घरातल्यांनी काय करावे

मुलांनो आणि सुनांनो, आता तुमच्याशी बोलतो. किल्ली लपवणे, गाडीतले पेट्रोल काढून ठेवणे, चार पाहुण्यांत “आबांना आता दिसत नाही” असे बोलणे, यांतले काही करू नका. ज्या माणसाने कर्ज काढून घरात पहिली गाडी आणली, त्याचा तो अपमान आहे. अपमान झालेला माणूस हट्टाने भलत्या वेळी गाडी बाहेर काढतो.

बोलायचे तर एकट्याने, घरात, दिवसा. आणि “तुमच्याच्यानं होत नाही” असे न म्हणता आपल्याकडची सोय पुढे करून बोलावे: “आबा, सांजच्याला गाडी काढू नगा. सोसायटीची मीटिंग सुटली की मी येतो न्यायला.” एवढे म्हटले की दिलेल्या वेळेला जाऊन उभे राहणे आले. दोनदा तुम्ही गेला नाहीत की तिसऱ्या वेळी आबा स्वतः किक मारणार, आणि तेव्हा त्यांना बोल लावायचा तुम्हाला अधिकार राहणार नाही. घरच्यांचे ऐकत नसतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून सांगवा. पुष्कळदा लेकीचे किंवा बहिणीचे ऐकतात, मुलाचे ऐकत नाहीत. त्यात मुलाने कमीपणा मानू नये.

गाडी सुटली म्हणजे कारभार सुटला असे घरात कोणाला वाटू देऊ नका. आठवड्याचा एक बाजार, एक देऊळ, महिन्याची बँक, आणि रोजचा बांधावरचा फेरा, एवढे दादांचे जाणे-येणे ठरवून टाका. कोणत्या दिवशी कोण नेणार, हेही ठरवा. पाठीमागे बसून का होईना, रान बघितल्याशिवाय शेतकऱ्याला अन्न गोड लागत नाही. गाडी बंद झाली, जाणे-येणे तुटले, की चांगली धडधाकट माणसे वर्षभरात ओसरीवर खचून बसलेली दिसतात. तसे होऊ द्यायचे नसेल तर मुलाला थोडी पायपीट वाढवावी लागेल.

आणि एक मोठा खड्डा इथे आहे. दादांनी गाडी सोडली, मुलगा नोकरीवर, मग किल्ली जाते चौदा-पंधरा वर्षांच्या नातवाच्या हातात. “पोरगं झकास चालवतंय,” असे कौतुकही होते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आरसी बुकावर नाव दादांचे असेल तर मालक दादाच. ट्रॅक्टरलाही हे लागू आहे. म्हाताऱ्या हातातून काढून कोवळ्या हातात दिलेली गाडी घराला दुप्पट महाग पडते.

कागदपत्रे

लायसन्सची मुदत आता अशी आहे. पन्नाशी ते पंचावन्न या वयात काढलेले किंवा नूतन केलेले खाजगी वाहनाचे लायसन्स साठ वर्षे पुरी होईपर्यंत चालते, आणि पंचावन्ननंतरचे दर वेळी पाच वर्षे. आपले खिशातले काढून तारीख बघा. पुष्कळांचे संपलेले असते. मुदत संपल्यावर वर्षाच्या आत नूतनीकरण केले नाही, तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. साताऱ्याच्या, कराडच्या किंवा सांगलीच्या परिवहन कार्यालयात त्यासाठी डॉक्टरांचा नमुना १-अ मधला दाखला लागतो. ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता सही आणू नका. पाच वर्षांतून एकदा सरकार डोळे तपासायला लावते, ती संधी फुकट का घालवावी? लायसन्स नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईचा पैसा गाडीमालकाकडून वसूल करू शकते. अशा वेळी एका एकराची किंमत सहज जाते.

गाडी विकली किंवा मुलाच्या ताब्यात दिली, तर ती त्याच्या नावावर चढवा. नुसत्या टीटी फॉर्मवर सह्या करून देऊन मोकळे होऊ नका. जोवर आरसी बुकावर तुमचे नाव आहे, तोवर त्या गाडीने कुठेही काही केले तरी नोटीस तुमच्या दारात येते. विक्री झाल्यावर चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. विम्याचे नावही त्याच वेळी बदलून घ्यावे.

शेवटी एसटी. २६ ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्यभर एसटीचा प्रवास मोफत करण्यात आला. पासष्ट ते पंचाहत्तर या वयात निम्मे भाडे आहे. १७ मार्च २०२३ पासून बायांनाही, वय काहीही असले तरी, निम्मे तिकीट लागू झाले. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड कंडक्टरला दाखवावे लागते, तेव्हा ते घरात पेटीत न ठेवता पाकिटात ठेवावे. आपल्या फाट्यावर कोणती गाडी किती वाजता थांबते ते आगारात विचारून एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, आणि तो कागद किल्लीच्या खुंटीजवळच भिंतीला चिकटवा.